सारख्या ओढीची स्प्रिंग

भोसले राजांच्या तंजावूर राजवाड्याच्या परिसरात गोल, जड बुडाच्या बाहुल्या विकावयास असतात. बाहुली जितकी कलवावी, तितकी तिची परतण्याची ओढ वाढते. साध्या स्प्रिंगचेही तसेच. ती १ सेंटिमीटरऐवजी २ सेंटिमीटर ताणली, की ओढ दुप्पट होते.

परंतु पोलादी पट्टीच्या घट्ट गुंडाळीची स्थिर-बल स्प्रिंग याला अपवाद आहे. ती कितीही उलगडली, तरी ओढ जवळजवळ सारखीच राहते. असे का व्हावे? ओढताना केवळ गुंडाळीलगतचा लहानसा भाग सरळ होत असतो. आधी सरळ झालेला भाग ओढीत भर घालीत नाही.

म्हणूनच वर-खाली सरकणाऱ्या खिडकीचे वजन या स्प्रिंगने तोलता येते. खिडकी सोडावी तेथे थांबते. विजेच्या मोटारीतील कार्बनचा ब्रश झिजून आखूड झाला, तरी ती त्याला सारख्याच जोराने दाबून धरते. तो दाब कमी झाला, तर ठिणग्या उडून मोटार खराब होऊ शकते.