मागाल तेव्हा वाढू!

विद्यार्थिमित्रांनो, पंगतीत वाढपी सारी जिलबी एकदम तुमच्या पानात ओततो का? नाही. सुरुवातीपुरते वाढतो, पुढचे मागाल तेव्हा. संगणकाच्या जगातही ही रीत आहे. तिला ‘लेझी लोडिंग’ म्हणतात.

समजा, कोथरूडमधील वनाज मेट्रो स्थानकात (ते मार्च २०२२ मध्ये सुरू झाले) तुम्ही फोनवर एक वेळापत्रक उघडले. त्यात गाड्यांच्या वेळा, नकाशा आणि तक्रारीचा अर्ज असे तीन घटक आहेत. सर्व मिळून २ मेगाबाइट, म्हणजे १६ मेगाबिट. इंटरनेटचा वेग सेकंदाला १ मेगाबिट असेल, तर १६ सेकंद लागतील. तोवर गाडी सुटेल! वेळांचा घटक पाव मेगाबाइटचा असेल, तर तो एकटा २ सेकंदांत येईल.

हे साधते कसे? प्रोग्रॅमचे तुकडे करून ते सर्व्हरवर वेगवेगळे ठेवतात. पहिल्या तुकड्यात नकाशाचा केवळ पत्ता असतो. तुम्ही ‘नकाशा’वर बोट ठेवले, की ब्राउझर त्या पत्त्यावरून नकाशाचा तुकडा मागवतो. तो येईपर्यंत पडद्यावर ‘थांबा’ अशी पाटी दिसते. ‘रिअ‍ॅक्ट’ ह्या साधनात २०१८ साली ‘लेझी’ नावाची अशी सोय आली. न मागितलेल्या घटकांचा डेटाही वाचतो.

पण नकाशा मागितला आणि नेमका तेव्हाच संपर्क तुटला तर? तो मिळणार नाही! म्हणून उघडताक्षणी लागेल ते आधी, बाकीचे मागाहून. ही निवड माणसालाच करावी लागते. सांगा पाहू, तुमच्या शाळेच्या वेळापत्रकात तुम्ही आधी काय वाढाल?