सूचनेत न लिहिलेले साहित्य

प्रयोगाच्या वहीतला 'साहित्य' हा मथळा विद्यार्थी घाईत उरकतात. परीक्षानळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा, पोटॅशियम परमँगनेट. काडेपेटी लिहायची राहते, कारण ती प्रयोगशाळेत असतेच. संगणकात वैज्ञानिक सॉफ्टवेअर बसवण्याच्या सूचना लिहिणारेही नेमके हेच करतात. मात्र त्यांच्या टेबलावरची काडेपेटी वाचणाऱ्याच्या टेबलावर नसते.

सायपायचे उदाहरण घेऊ. पायथन भाषेत वैज्ञानिक गणिते करण्यासाठी २००१ मध्ये सुरू झालेला हा मुक्त स्रोत संच आहे, म्हणजे त्याची आज्ञावली कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि फुकट वापरू शकतो. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराचे पहिले चित्र प्रसिद्ध झाले, त्यामागच्या गणितातही त्याचा वापर होता. तो बसवण्याची सूचना एका ओळीची : 'पिप इन्स्टॉल सायपाय'.

ही ओळ दिसते तितकी सरळ नाही. समीकरणांच्या मोठ्या संचांची उत्तरे काढण्याचे काम सायपाय स्वतः करत नाही. ते लॅपॅक या १९९२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या, फोर्ट्रान भाषेतल्या संग्रहाच्या पद्धतींवर सोपवलेले असते. सायपायचे इतर भागही सी आणि फोर्ट्रानमध्ये लिहिले गेले. अशी आज्ञावली संगणकाला समजेल अशा रूपात आणायला कंपायलर लागतो. ज्याच्या संगणकात कंपायलर आणि लॅपॅक दोन्ही होते, त्याला ती एक ओळ पुरत असे. विंडोजवर बहुतेकांकडे दोन्ही नसत. मग पडद्यावरून शेकडो ओळी सरकत आणि शेवटी लॅपॅक सापडत नसल्याचा संदेश येई. २०१७ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून पिपद्वारे विंडोजसाठी आधीच तयार केलेली बांधणी मिळू लागली, तेव्हा हा त्रास मिटला. सूचनेची ओळ आधीही तीच होती आणि नंतरही तीच राहिली. बदलले ते तिने गृहीत धरलेले साहित्य.

उलटेही घडते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या २०२३ मधल्या बाराव्या आवृत्तीपासून हीच ओळ थेट दिली तर संगणक ती नाकारतो. प्रणालीच्या स्वतःच्या पायथनमध्ये बाहेरची भर पडू नये, म्हणून आधी वेगळा कप्पा तयार करा, असे तो सांगतो. म्हणजे २०२० मध्ये अगदी बिनचूक असलेले पान आज नवख्याला अडवते. मला वाटते, सूचनांच्या प्रत्येक पानावर 'अमुक प्रणालीच्या अमुक आवृत्तीवर, अमुक तारखेला तपासले' असे ठळक छापायला हवे. औषधाच्या बाटलीवर तारीख असते, इथे का नको?

काही अडथळे याहूनही साधे असतात. पुष्कळ पानांवर आज्ञेच्या आधी डॉलरचे चिन्ह असते. 'यापुढचे टर्मिनलच्या खिडकीत टंकायचे' एवढाच त्याचा अर्थ. शिक्षकांच्या कार्यशाळेत मी पाहिले आहे, की नवखा माणूस ते चिन्हही प्रामाणिकपणे टंकतो. आणि का टंकू नये? टंकू नका, असे कुठे लिहिले आहे? 'आज्ञा सापडली नाही' हा संदेशही असाच दिशाभूल करतो. आज्ञा मिळाली की संगणक काही ठरावीक फोल्डरांची यादी चाळतो. या यादीला पाथ म्हणतात. आपले सॉफ्टवेअर यादीबाहेरच्या फोल्डरात असेल, तर ते संगणकात असूनही 'सापडत' नाही. वाचणाऱ्याला मात्र वाटते, की आपल्यालाच हे जमत नाही.

तज्ज्ञांना हे का दिसत नाही? स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी ओळखली जातील, असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात सूर चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. वर्गात उभे राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सूचना सुधारण्याचा खात्रीचा मार्ग एकच. नवा कोरा संगणक घ्यावा, ज्याने हे कधी केलेले नाही अशा माणसाला समोर बसवावे, आपण मागे गप्प उभे राहावे आणि तो कुठे थांबतो ते टिपावे. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवे, हे लिहिले तर निम्मी भीती जाते. मुंबईच्या आय. आय. टी.तील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हेच तत्त्व धरले. सुमारे दहा मिनिटांच्या ध्वनिचित्रफिती, अनेक मराठीतही, आणि शिकणाऱ्याने चित्रफितीच्या शेजारीच स्वतः तीच कृती करायची. शेवटी ज्याचे उत्तर ठाऊक आहे असे एक गणित द्यावे. सायपायसाठी शून्य ते पाय या मर्यादांत साइनचे संकलन पुरे. उत्तर २ आले पाहिजे.

यात शिक्षकांना मोठे काम आहे. सूचना पाळून ज्यांना सॉफ्टवेअर बसवता आले नाही, ते सहसा कोणाला कळवत नाहीत, निमूटपणे नाद सोडतात. लिहिणाऱ्यांपर्यंत पोचतात ते यशस्वी झालेले. शाळेच्या प्रयोगशाळेत जुने संगणक असतात, इंटरनेट मध्येच जाते, पासवर्ड एकाच माणसाकडे असतो. हे त्यांना कळणार कसे? तेव्हा अडलात तर जरूर कळवा, इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालेल. प्रणालीची आवृत्ती, दिलेली आज्ञा जशीच्या तशी, आणि आलेल्या संदेशाच्या शेवटच्या काही ओळी हव्यात. 'चालत नाही' एवढेच लिहिले, तर समोरच्याला हातपाय हलवता येत नाहीत.