स्वमग्नता : खेळातून उपचार

स्वमग्नता हा आजार नसून मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. तीत सामाजिक संवाद व वर्तन यांत वेगळेपण आढळते. प्रशिक्षित तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले असल्याने कुटुंबकेंद्री उपचारपद्धतींचे महत्त्व वाढले आहे. बंगळुरू येथे डॉ. प्रतिभा कारंत यांनी विकसित केलेला 'कॉमडील' हा सहा वर्षांखालील मुलांसाठीचा कार्यक्रम पालकांना सहभागी करून घेतो.

गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत तज्ज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मार्गदर्शन केले. मूल ज्या खेळात रमते त्यात सामील व्हावे, आज्ञा न देता त्याच्या प्रतिसादाची वाट पाहावी, हे त्याचे सूत्र. परिणामी, मुले स्वतःहून अधिक संवाद साधू लागली.

मात्र ही पद्धत स्वस्त भासते, कारण आईच्या वेळेचे व बुडालेल्या मजुरीचे मोल हिशेबात धरले जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. या हक्काला अर्थ यावा यासाठी पालकांच्या प्रशिक्षणाबरोबरच त्यांना आर्थिक आधार देणेही आवश्यक ठरते.