घाटमाथ्यावरची माती, तळ्यातला गाळ



जुन्नर तालुक्यातल्या घाटघरला पावसाळ्यात गेलात, तर नाणेघाटाच्या तोंडाशी जरा थांबा. इथल्या पावसाला दोन वाटा आहेत. पूर्वेकडचे पाणी कुकडीच्या खोऱ्यातून माणिकडोह धरणाला मिळते, पश्चिमेकडचे कोकणात उतरून खाडी गाठते. दोन्हीकडचे पाणी गढूळ. तो गढूळपणा म्हणजे कुणाच्या तरी वावरातली माती!

सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला येई. पुढे सोपाऱ्याची खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपले. होडीची वाट असो की गावचा पाझर तलाव, नियम एकच. पाण्याचा वेग मंदावला की पोटातली माती तळाशी बसते. तळे उथळ झाले की पाणी कमी साठते आणि खालच्या विहिरी लवकर आटतात.

हिशेब करून पाहा. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर माती गेली, तरी ती चार घनमीटर, म्हणजे जवळजवळ दीड ब्रास होते. डोळ्यांना काहीच दिसत नाही!

म्हणून आधी माती अडवा. उतारावर नाचणी, वरई आडव्या ओळींत घ्या. बांधावर गवत राखा. खाचरातले जादा पाणी जिथून सोडता, तिथे दगड रचा. घळीत दगडी बांध घालायचे ते वरून खाली, एकामागून एक. वरचे सोडून खालचाच बांधलात, तर एका पावसाळ्यात तो भरून जाईल.

साठलेला गाळ उन्हाळ्यात तळे आटल्यावर काढा. पण मूळ तळाच्या खाली खणू नका, नाहीतर पाणी झिरपून जाईल. हा गाळ हलक्या, मुरमाड रानाला चांगला. इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याला मी भारी काळ्या रानात गाळाचा जाड थर द्यायला सांगितले. पावसात पाणी साचले, भुईमूग पिवळा पडला. त्याने मला बोल लावला नाही, पण ते रान मी विसरलो नाही. तेव्हा आधी माती तपासा, मग गाळ पसरा. एकरी एक इंच थराला सुमारे ३६ ब्रास गाळ लागतो, हे धरून वाहतुकीचा खर्च काढा.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ साली सुरू झाली. तिच्यात गाळ नेता येतो, वाळू नाही. सध्याचे नियम आणि अनुदान ग्रामपंचायतीत विचारा.

वरच्या शेजाऱ्याने बांध घातला तर खालच्याचे तळे वाचते. म्हणून यंदा मृगाच्या आधी दोघे मिळून एकदा शिवार फिरून या. घळ कुठे पडली आहे, ते पायांनाच कळेल.