नाव एक, वनस्पती अनेक

कडुनिंबावर चढलेली गुळवेल, कुंडीतली ब्राह्मी आणि फाटकाजवळची सदाफुली म्हणजे नांदेड-लातूरकडील कित्येक घरांतली औषधांची पेटीच होय. घरातील वडीलधारी मंडळी श्रद्धेने काढा घेतात, शेजाऱ्यांनाही देतात. या परंपरेचा मान राखूनच एक प्रश्न विचारावयास हवा: आपण जे खुडून आणतो, ती नेमकी कोणती वनस्पती आहे?

हाच प्रश्न सोडविण्यासाठी शास्त्रज्ञांनी सजीवांचे वर्गीकरण केले. सृष्टी, विभाग, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशा उतरत्या पायऱ्यांवर प्रत्येक वनस्पतीला तिची जागा मिळते. स्वीडनचे कार्ल लिनियस यांनी 1753 साली वनस्पतींना दोन शब्दी नावे देण्याची पद्धत रूढ केली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. जणू आडनाव आणि नाव. गावोगावी बोलीतले नाव बदलते. हे नाव मात्र जगभर एकच राहते. आपल्या भागातील वनस्पतींची अशी शास्त्रीय नोंद डॉ. व्ही. एन. नाईक यांनी 1998 साली ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या द्विखंडी ग्रंथात केली आहे.

नावाची ही काटेकोरी कशासाठी, हे गुळवेलीच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. करोनाकाळात गुळवेलीचा काढा घरोघरी गेला. त्यानंतर 2021 साली मुंबईतील डॉक्टरांनी असे काढे घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. त्यावर वाद झाला. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिचीच बहीण शोभावी अशी टिनोस्पोरा क्रिस्पा. दोघींचे आडनाव एक, पाने हृदयाकृती, परंतु जाती भिन्न. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे पुष्कळ उंचवटे असतात आणि फुलाला तीन पाकळ्या असतात. खऱ्या गुळवेलीच्या फुलाला सहा. वाद काहीही असो, आपल्यासाठी बोध दुहेरी आहे. वनस्पती ओळखून घ्यावी. आणि ती अचूक ओळखली तरी यकृताचा विकार असलेल्यांनी किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

ब्राह्मीची गोष्ट याहून गमतीची. ओलसर जागी पसरणारी, जाड बारीक पानांची बाकोपा मोनिएरी हिला ब्राह्मी म्हणतात आणि गोलसर पानांच्या सेंटेला एशियाटिका हिलाही. येथे तर कुलही एक नाही. दुसरी चक्क कोथिंबिरीच्या कुलातली आहे. वैद्यांनी एक सांगितली आणि बाजारातून दुसरी आली, तर गुणाची अपेक्षा कशी धरावी?

कुल कळले की सावधपणाही येतो. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, पांढरा चाफा आणि सदाफुली ही सर्व एकाच कुलातली. मारुतीला जिची पाने वाहतो ती रुई पूर्वी निराळ्या कुलात गणली जाई. जनुकांची तुलना झाल्यावर तीही याच कुलात आली. वर्गीकरण असे सुधारत जाते. या कुलात चीक आणि तीव्र रसायने विपुल. कण्हेर व बिट्टी यांतील विष हृदयाची लय बिघडविते. सदाफुलीपासून कर्करोगावरील विन्क्रिस्टीन हे औषध मिळते. म्हणून साखर उतरावी यासाठी रोज तिची पाने चघळणे निर्धोक समजू नये.

अर्थात एका कुलातील सर्वांचा स्वभाव एकच नसतो. धोतरा आणि वांगे एकाच कुलातले. एक विषारी, दुसरे आपले रोजचे अन्न. म्हणून कुलावरून सावध व्हावे. निर्णय मात्र जातीवरून घ्यावा.

वाचकहो, एवढे अवश्य करावे. औषधी वनस्पती आणावयाची असल्यास फूल-फळासह डहाळी घेऊन जवळच्या विज्ञान महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावी. शुश्रूषा करणाऱ्यांनी गोळ्यांच्या यादीतच काढे आणि चूर्णे लिहून ठेवावीत व ती यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली, तर काढा थांबवून त्वरित तपासणी करून घ्यावी. चुकून विषारी पान अथवा बी पोटात गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्या वनस्पतीची डहाळी सोबत न्यावी. नेमके काय पोटात गेले हे डॉक्टरांना कळले, तर उपचाराची दिशा लवकर ठरते.