थोड्या लहरी, पुष्कळ बोलणारे

१९४६ साली अमेरिकेतील सेंट लुईस शहरी मोटारींत बसविलेल्या दूरध्वनींची सेवा सुरू झाली. परंतु रेडिओलहरींचे मार्ग मोजकेच होते. ते सर्व व्यापले, की इतरांस ताटकळत बसावे लागे.

१९४७ साली बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग व त्यांचे सहकारी यांनी यावर एक युक्ती सुचविली. शहराचे, मधमाशांच्या पोळ्यातील घरांसारखे, लहान लहान षट्‌कोनी भाग पाडावेत आणि प्रत्येक भागास कमी शक्तीचे स्वतंत्र केंद्र द्यावे. शेजारच्या घरांतील लहरी निरनिराळ्या असाव्यात, म्हणजे एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळणार नाही. दूरच्या घरात मात्र त्याच लहरी पुन्हा वापराव्यात. अशा रीतीने थोड्या लहरी हजारोंना पुरतात.

आजचे भ्रमणध्वनी याच तत्त्वावर चालतात. धावत्या गाडीतील प्रवाशाचे संभाषण एक मनोरा पुढच्या मनोऱ्याच्या स्वाधीन करतो. हा सांधा निसटला, की बोलणे तुटते. म्हणून शंभरांपैकी किती संभाषणे तुटली, याची मोजदाद अभियंते ठेवतात. मोठ्या यात्रेच्या ठिकाणी चाकांवरचे मनोरे आणून ते जास्तीची घरे उभारतात; कारण त्याच गर्दीत कोणाला तरी रुग्णवाहिका बोलवायची असते.