गाठ जाळण्याआधीचे गणित

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच आहे. अभियंते आणि डॉक्टर यांचा असा शेजार ज्या विषयात सर्वाधिक उपयोगी पडावा, तो म्हणजे उष्णतेने गाठ नष्ट करण्याच्या उपचाराचे संगणकीय प्रतिरूप.

यकृतातील लहान गाठ कापून काढणे शक्य नसेल, तर त्वचेतून सुई घालून ती जागच्या जागी जाळता येते. त्यासाठी सुमारे ५०० किलोहर्ट्झचा विद्युत्प्रवाह किंवा मायक्रोवेव्ह वापरतात. पेशी मारण्यासाठी ४३ अंश सेल्सियसला चार तास लागत असतील, तर पुढच्या प्रत्येक अंशाला हा वेळ निम्मा होतो, असा ढोबळ नियम आहे. ५० अंशांना दोन मिनिटेही पुरतात. ६० अंशांना क्षणही लागत नाही. मग आच वाढवतच का नेऊ नये? कारण शंभर अंशांपलीकडे सुईभोवतीचे ऊतक कोरडे पडून करपते आणि विद्युत्प्रवाह पुढे जाईनासा होतो. भाकरी वरून करपावी आणि आत कच्ची राहावी, तसेच हे.

या गणिताचा पाया हॅरी पेन्स यांनी १९४८ साली घातला. माणसाच्या हाताचे तापमान मोजून त्यांनी रक्तप्रवाहासह उष्णतेचा हिशेब मांडणारे समीकरण दिले. आज संगणक सीटी स्कॅनवरून यकृताचे हजारो सूक्ष्म भाग पाडतो आणि प्रत्येक भागासाठी ते क्षणाक्षणाला सोडवतो.

खरी अडचण रक्ताची आहे. पेन्स यांनी रक्त ऊतकात सर्वत्र सारखे झिरपते असे मानले होते. प्रत्यक्षात गाठीला खेटून सुमारे तीन मिलिमीटरहून जाड वाहिनी असेल, तर तिच्यातले ३७ अंशांचे रक्त उष्णता वाहून नेते. तेथील पेशी वाचतात आणि गाठ पुन्हा वाढते. म्हणून अशा वाहिन्या प्रतिरूपात वेगळ्या दाखवाव्या लागतात.

तरीही पडद्यावरच्या रंगीत चित्रावर भाळून चालत नाही. रक्तप्रवाहाचे आकडे बहुधा सरासरीचे किंवा प्राण्यांवरील प्रयोगांचे असतात. सिरोसिसने कठीण झालेल्या यकृतात ते लागू पडतीलच असे नाही. गाठीभोवती निदान पाच मिलिमीटर निरोगी कडही जळावी, अशी डॉक्टरांची अपेक्षा असते. त्या आकड्यांतील चूक नेमकी हीच कड खाऊन टाकू शकते.